दोर कापला तेव्हा

नववीच्या वर्गात त्या दिवशी इंग्रजी वाक्प्रचार चालू होते. पावसाळी दुपार, खिडक्या अर्ध्या लोटलेल्या, मधूनच कळव्याच्या बाजूने लोकलचा भोंगा. फळ्यावर मी 'कट अँड रन' लिहिलं आणि पुढे अर्थ लिहिला, 'धूम ठोकणे'. गेली कितीतरी वर्षं मी हेच लिहीत आले आहे. मुलं उतरवून घेतात, परीक्षेत आलं तर मार्क मिळतात, विषय तिथेच मिटतो. त्या दिवशी मात्र वाटलं, शब्द फोडून सांगावेत. म्हटलं, "कट म्हणजे कापणे, रन म्हणजे पळणे. दोर कापून पळणे."

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नाही.

"बाई, दोर कापल्यावर कसं पळणार? दोर कापले की पळताच येत नाही ना?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास शिकलेल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला दोर म्हटला की एकच दोर आठवतो. मी खडू हातात धरून उभी राहिले. उत्तर मला माहीत होतं, पण ते एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं. आणि त्या उत्तराच्या मागे आमच्या घरातली एक गोष्ट उभी होती, जी मी कधी कुणाला सांगितली नव्हती. "उद्या सांगते," म्हणाले आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळले.

तो दोर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ४ फेब्रुवारी १६७०ची रात्र, कोंढाण्याचा कडा. तानाजी मालुसरे पडले, आपला सरदार पडला म्हणून मावळे माघारी वळले, आणि सूर्याजीने त्यांना सांगितलं की ज्या दोरांवरून चढून आलात ते मी केव्हाच कापून टाकलेत. आता लढून मरा, नाहीतर कड्यावरून उड्या टाकून मरा. मावळे उलटे फिरले आणि गड घेतला. पोवाड्यांनी, बखरींनी आणि शाळेच्या पुस्तकांनी ही गोष्ट आपल्यापर्यंत आणली आणि तिने आपल्या भाषेत घर केलं. कुणी नोकरीचा राजीनामा टाकून धंद्यात उतरला की आपण म्हणतो, त्याने परतीचे दोर कापले. मराठीत दोर कापणारा माणूस राहणारा असतो. इंग्रजीत दोर कापणारा माणूस जाणारा असतो. कृती तीच, दोर तसाच, धारही तशीच.

फरक दोराच्या दुसऱ्या टोकाला काय आहे याचा. आपला दोर कड्याचा. तो माणसाला परत खाली नेतो, म्हणून तो कापला की माणूस वर अडकतो. त्यांचा दोर जहाजाचा. त्याच्या टोकाला समुद्राच्या तळाशी रुतलेला नांगर असतो, म्हणून तो कापला की जहाज सुटतं.

शिडाच्या जहाजांच्या काळात नांगर उचलणं हे मोठं काम होतं. वाखाचा दोर माणसाच्या मांडीएवढा जाड, त्यात पाण्याने भिजून जड झालेला. डेकवरच्या उभ्या चरकाला लाकडी दांडे लावायचे, एकेका दांड्याला कितीतरी खलाशी, आणि छाती लावून गोल गोल फिरायचं. दोर वीत-वीत वर येतो. चिखलात रुतलेला नांगर कधी सुटतो, कधी सुटतच नाही. आता अशा वेळी क्षितिजावर शत्रूची शिडं दिसली, किंवा वारा फिरला आणि जहाजाला खडकांकडे ढकलायला लागला, तर नांगर उचलत बसायला वेळ कुठून आणायचा? मग एकाने कुऱ्हाड घ्यायची आणि दोरावर घालायची. नांगर तळाशी राहिला तर राहिला. शिडं सोडायची आणि निघायचं. १७९४ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या नौकानयनाच्या एका पुस्तकात या शब्दांचा नेमका हाच अर्थ दिला आहे, की नांगर उचलण्याची वाट न पाहता दोर कापून तत्काळ शिडं उभारणे. काहीजण सांगतात की कापायचे ते शिडं गुंडाळून बांधलेले बारीक दोर, म्हणजे शिडं झटकन उलगडतात. त्यातही घाई तीच आहे, पण मला नांगराचं म्हणणं जास्त पटतं, कारण त्यात काहीतरी मागे राहतं.

आणि 'रन' म्हणजे पायांनी पळणं नव्हेच. शिडाचं जहाज वारा पाठीशी घेऊन जाऊ लागलं की खलाशी त्याला 'रन' म्हणतात. इतकी वर्षं मी मुलांना या वाक्प्रचारात पाय दाखवत होते. त्यात एकही पाय नाही. आहे तो वारा.

पुढे एकोणिसाव्या शतकात वाखाच्या दोरांच्या जागी लोखंडी साखळ्या आल्या. साखळी कुऱ्हाडीने तुटत नाही. तोवर शब्द बंदरावर उतरून गावात शिरले होते, आणि तिथे त्यांची किंमत बदलली. समुद्रावर जे प्रसंगावधान होतं, ते जमिनीवर भ्याडपणा ठरलं. आजच्या इंग्रजीत एखाद्याबद्दल 'कट अँड रन' म्हटलं तर ती शाबासकी नसते. २००६च्या सुमारास इराकमधून सैन्य माघारी आणा म्हणणाऱ्यांना अमेरिकेतले त्यांचे विरोधक हेच शब्द फेकून मारत होते. भागीदार अडचणीत असताना अंग काढून घेणारा, संकटातल्या माणसांना तिथेच टाकून स्वतःपुरता वाचणारा, अशा माणसासाठी तो शब्द आहे. बेल वाजवून पळणाऱ्या पोरांसाठी तो वापरू नये. तिथे टाचा दाखवून पळण्याचा दुसरा वाक्प्रचार त्यांच्याकडे आहे, 'टेक टू वन्स हील्स', आणि त्याला आपल्याकडे अगदी सख्खा भाऊ आहे, ढुंगणाला पाय लावून पळणे. शाळेत तो मोठ्याने म्हणता येत नाही, पण मुलांना तो आधीच माहीत असतो.

फळ्यावर 'धूम ठोकणे' लिहिण्यात माझी चूक हीच होती. धूम ठोकण्यात फक्त वेग आहे. मागे काय राहिलं याचा त्यात हिशोब नाही.

त्या संध्याकाळी मी घरी जाताना पळण्याचे आपले शब्द एकेक आठवत गेले. पोबारा. हा सोंगट्यांच्या पटावरून आला. पौ आणि बारा, चांगलं दान. दान पडलं की सोंगटी सुटते, तसा माणूस सुटतो. गाशा गुंडाळणे. गाशा म्हणजे खोगिरावर घालायचं कापड. छावणी उठवणाऱ्या घोडेस्वाराचा हा शब्द. चंबूगबाळं आवरणे. त्यात पाण्याचा तांब्या आहे आणि गाठोडं आहे. बाडबिस्तरा उचलणे. आपल्या या शब्दांमधला माणूस निघताना सामान घेऊन निघतो, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पळतानाही त्याला तांब्या आठवतो. आणि काढता पाय घेणे, हा तर इतका सभ्य शब्द आहे की त्यात पळण्याचा आवाजही होत नाही. लग्नाच्या पंगतीत भांडण पेटलं की शेजारी काढता पाय घेतात. पण सामान तिथेच टाकून, मोलाची वस्तू सोडून, जीव घेऊन निघणाऱ्यासाठी आपल्याकडे शब्द कोणता? मला सापडला नाही.

कळव्याहून ठाण्यात येताना रिक्षा कारागृहाच्या भिंतीजवळून जाते. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, पण मुळात तो ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४मध्ये इंग्रजांनी घेतला. याच किल्ल्यातून त्रिंबकजी डेंगळे निसटले. दुसऱ्या बाजीरावाचा हा कारभारी, गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा आळ त्याच्यावर आला आणि पेशव्याला तो इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. १८१६च्या सप्टेंबरात तो ठाण्यातून सुटला. त्या सुटकेची जी हकीकत सांगतात ती मला दर वेळी थांबवते. पहारा गोऱ्या शिपायांचा, फितुरी होऊ नये म्हणून मुद्दाम गोऱ्यांचाच. एक मराठी मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, किल्ल्यावरच्या इंग्रज अधिकाऱ्याकडे चाकरीला राहिला. तो रोज घोडा फिरवत त्रिंबकजीच्या खिडकीखालून जायचा आणि गाणं म्हणायचा. झुडपाआड माणसं आहेत, झाडाखाली घोडा आहे, पंचावन्न घोडे आहेत आणि माणसं चोपन्नच, असं काहीसं ते गाणं. कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर १८२५मध्ये या भागात आला होता, त्याने ते इंग्रजीत लिहून ठेवलं. पहारेकऱ्यांच्या कानावर ते रोज पडत होतं, पण त्यांना मराठी येत नव्हती.

त्रिंबकजी कसा माणूस होता याबद्दल चांगलं बोलणारे कमीच. १८१८मध्ये तो पुन्हा पकडला गेला, त्याला चुनारच्या किल्ल्यात ठेवलं आणि तिथेच त्याचा शेवट झाला. पण त्या भिंतीजवळून जाताना मला तो आठवत नाही, मला त्याच्या खिडकीखालचं गाणं आठवतं. कुणीतरी बाहेरून आपल्या भाषेत सांगतंय की घोडा तयार आहे, ये. निसटणाऱ्या माणसाला आधी हे ऐकू यावं लागतं.

आमच्या घरात ते सांगणारा माणूस माझा मामा होता.

माझं आजोळ चेंदणी कोळीवाड्यातलं. स्टेशनच्या गर्दीतून दोन वळणं घेतली की बोळ लागतात, आणि पूर्वी त्या बोळांतून सुकटीचा वास थेट रस्त्यापर्यंत यायचा. मामाचा मचवा होता. खाडीतली मासळी तेव्हाच कमी होऊ लागली होती. कारखान्यांचं पाणी आलं, गाळ वाढला, म्हणून मामा लांब, तुर्भ्याच्या पुढे जायचा. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. ऑक्टोबरातली संध्याकाळ होती, परतीच्या पावसाचं वादळ अचानक उठलं. मचव्यावर मामा, एक खलाशी आणि मामाचा चौदा वर्षांचा मुलगा. त्यांनी नांगर टाकला होता आणि वादळ सरायची वाट बघत होते. ओहोटीचा जोर, त्यात वारा. आणि अंधारातून एक रेतीचा बार्ज येताना दिसला. त्याचा दोर तुटला होता, त्याच्यावर माणूस नव्हता, तो आडवा होऊन सरळ यांच्या अंगावर येत होता.

तिघांनी नांगर ओढला. तळाशी कशात तरी अडकला होता, हलेना. मामाने कोयता घेतला.

ही गोष्ट मामाने मला पुष्कळदा सांगितली आणि दर वेळी तो एकाच जागी थांबायचा, दोरावर. नायलॉनचा दोर ताणलेला असला की तो गातो, असं मामा म्हणायचा. बारीक आवाज येतो, तारेसारखा. त्या दोरावर कोयत्याचा पहिला घाव बसला तेव्हा तो आवाज बदलला. दुसऱ्या घावाला पिळाचे दोन पेड सुटले आणि उलटे उसळून मामाच्या मनगटावर बसले. तिसऱ्या घावाला मचवा असा हिसका देऊन फिरला की पोरगा खाली पडला. बार्ज त्यांच्या इतक्या जवळून गेला की मामाने त्याच्या ओल्या लोखंडाला हात लावला. तो वळ मामाच्या मनगटावर शेवटपर्यंत होता. पांढरा, पिळाचे पेड मोजता येतील असा.

नांगर नवा होता, उधारीवर घेतलेला. आजोबांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण बरेच महिने घरात पैशांचा विषय निघाला की नांगर निघायचा. आणि वाड्यातल्या दोघा-तिघांनी, जे त्या रात्री खाडीवर नव्हते, मामाला 'नांगर तोडून आला' असं नाव ठेवलं. बोलणारे चेष्टेने बोलत, पण चेष्टेलाही धार असते. मामा उत्तर द्यायचा नाही. मी विचारलं होतं, "तुला वाईट नाही वाटत?" तो म्हणाला, "नांगर परत घेता येतो." मग मुलाकडे बघून गप्प बसला.

इंग्रज-स्पॅनिश युद्धातला एक प्रसंग मी पुढे बी.ए.ला असताना वाचला आणि मला मामा आठवला. १५८८, ऑगस्टची रात्र. स्पेनचं प्रचंड आरमार फ्रान्सच्या किनाऱ्याला, कॅलेजवळ नांगर टाकून उभं होतं. इंग्रजांनी आठ जहाजं पेटवली आणि वाऱ्याबरोबर त्यांच्या दिशेने सोडून दिली. जळती जहाजं अंधारातून येताना दिसली आणि स्पॅनिश जहाजांनी नांगरांचे दोर कापले. त्या आगीत स्पेनचं एकही जहाज जळलं नाही. दोर कापणाऱ्यांनी जहाजं वाचवली. पण आरमार विस्कटलं, दुसऱ्या दिवशी लढाईत मार खाल्ला, आणि मग इंग्लंडला वळसा घालून उत्तरेकडून घरी जाताना आयर्लंडच्या किनाऱ्यावर वादळांनी गाठलं. तिथे थांबायला हवं होतं, आणि कितीतरी जहाजांकडे पुरेसे नांगर नव्हते. ते कॅलेच्या तळाशी राहिले होते. खडकांवर आपटून जहाजं फुटली, हजारो माणसं गेली.

कापलेल्या दोराची किंमत अशी नंतर वसूल होते. ज्या रात्री कापतो त्या रात्री फक्त जीव वाचलेला असतो. मला वाटतं, दूर उभं राहून 'कट अँड रन' म्हणणारे लोक या नंतरच्या किमतीकडे बघतच नाहीत. ते म्हणतात, सोपी वाट धरली. नांगर तळाशी सोडून पुढचं सगळं आयुष्य थांबायला जागा शोधत फिरणं सोपं असतं का?

आता मावशीचं सांगते.

मावशी, आईची धाकटी बहीण, खाडीपलीकडच्या एका गावात दिली होती. सासर खात्यापित्या घरचं. तिथे काय होत होतं हे आम्हा मुलांना कुणी सांगितलं नाही. मावशी सणाला यायची तेव्हा पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायची, भर वैशाखात, एवढं आठवतं. तिच्याकडे शिलाई मशीन होतं, पायाचं. ते तिने सासरच्या पैशाने नव्हे, तर गावातल्या बायकांचे ब्लाउज आणि परकर हातशिलाईने शिवून, रुपया-रुपया साठवून घेतलं होतं. त्या मशीनबद्दल ती जशी बोलायची तसं लोक पोरांबद्दल बोलतात. लाकडी पाटावर तिने स्वतः रोगण मारलं होतं. ड्रॉवरमध्ये बॉबिनचा डबा, खडूचे तुकडे, आणि तिच्या मुलीचं लसीचं कार्ड. कार्ड तिथे का, तर त्या घरात तो एकच ड्रॉवर तिचा होता.

एका पहाटे ती मुलीला कडेवर घेऊन निघाली. बेलापूर रोडवर दुधाचा टेम्पो मिळाला, तो तिला कळव्याच्या पुलापर्यंत घेऊन आला. तिथून चालत चेंदणीला. अंगावरची साडी, कडेवर तीन वर्षांची पोर, आणि हातात ते लसीचं कार्ड. दुसरं काही नाही. चंबू नाही, गबाळं नाही. आम्ही मुलं सुट्टीला आजोळीच होतो. दाराची कडी वाजली तेव्हा मी जागी होते.

मामाने दार उघडलं. त्याने तिला एक प्रश्न विचारला नाही. पोर तिच्या कडेवरून घेतली, मामीला हाक मारून म्हणाला, "चूल पेटव."

पुढचे काही दिवस वाड्यात काय काय बोललं गेलं ते मी ऐकलं, आणि आज इतक्या वर्षांनी मला त्यातली भाषा जास्त दिसते. आपल्याकडे 'तो पळून गेला' म्हटलं तर लोक विचारतात, कर्ज झालं होतं का, पोलीस मागे होते का. 'ती पळून गेली' म्हटलं की लोक विचारतात, कुणाबरोबर. बाईच्या पळण्याला मराठीत एकच अर्थ उरला आहे. एकटी बाई पहाटे, पोर घेऊन, मार चुकवून निघते, या गोष्टीला नाव नाही. सासर सोडून आली म्हणतात, त्यात सोडण्याचा दोष तिच्याकडे. नांदली नाही म्हणतात, त्यातही तिच्याकडेच. आणि याच भाषेने १६६६ साली महाराज आग्र्याहून निघाले त्याला किती नेमका शब्द दिला आहे. आपण त्याला 'सुटका' म्हणतो. आग्र्याहून सुटका. पहारा होता, जीव धोक्यात होता, युक्तीने आणि धाडसाने बाहेर पडले, म्हणून सुटका. मावशीच्या बाबतीत यातलं काय नव्हतं? वाड्यात कुणाच्याच तोंडून तो शब्द आला नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी ओटीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मामाला विचारलंच. बहीण का आली, पोरीचं चुकलं काय. मामा जाळं शिवत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "नांगर तोडून आलीय."

म्हातारा गप्प झाला. हे शब्द त्याने स्वतः मामाबद्दल वापरले होते. आता तेच शब्द मामाच्या तोंडून येत होते आणि त्यांत लाज नव्हती. खाडीवर गेलेल्या माणसाला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. मावशी आत भाकऱ्या थापत होती. तिचे हात थांबले, ते मी पाहिलं. मग ती पुन्हा थापायला लागली.

मशीन आणायला मामा दोनदा गेला. दोनदा परत पाठवला गेला. तिसऱ्यांदा मावशीनेच नको म्हटलं. दुसरं मशीन घ्यायला तिला फार वर्षं लागली. मधल्या काळात ती ठाण्यातल्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, दिवसभर उभं राहून. तिला मशीनबद्दल विचारलं तर आजही सांगते, पट्टा नवा घातला होता, आणि चाकाच्या जवळ रोगण जरा जास्त लागलं होतं, तिथे तिच्या बोटाचा ठसा उमटला होता. तो अजून असेल, म्हणते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर जहाज काढलं. पाणी काढलं, तळ काढला, तळात नांगर आणि नांगरापासून जहाजापर्यंत एक तिरपी रेघ. शेजारी कडा काढला, वर मावळे आणि खाली लोंबणारी रेघ. दोन्ही रेघांवर खडूने फुली मारली आणि विचारलं, आता कोण हललं आणि कोण अडकलं? मुलांनी पटापट सांगितलं. मग कुठे हा वाक्प्रचार वापरायचा आणि कुठे नाही, त्याची वाक्यं केली. एका मुलाने लिहिलं की बिल्डर अर्धी इमारत टाकून गेला. बरोबर होतं. एकाने लिहिलं की कुत्रा दिसला आणि मी दोर कापून पळालो. ते चूक, कारण तिथे मागे काहीच राहत नाही. 'धूम ठोकणे' मी पुसलं आणि लिहिलं, 'मोलाचं मागे टाकून तातडीने निघून जाणे'. लांबलचक आहे, वहीच्या एका ओळीत मावत नाही. निंदेने वापरतात हेही कंसात लिहायला सांगितलं, कारण परीक्षेत तसंच येईल.

तिसऱ्या बाकावरची मुलगी तास संपल्यावर टेबलाशी आली. "बाई, मग त्या नांगराचं काय होतं?"

"तळाशी राहतो."

"कायमचा?"

मी हो म्हणणार होते. मग आठवलं.

मामा मचवा विकायच्या आधीच्या वर्षी कधीतरी, त्याच्या जाळ्यात एक नांगर आला. त्याचा स्वतःचा नव्हे, तो कुठल्या कुठे राहिला. हा कुणा दुसऱ्याचा. गंजलेला, कालवं चिकटलेली, आणि कड्यात अजून हातभर नायलॉनचा दोर. नांगर दोघांनी धरून ओटीखाली आणून टाकला. वाड्यातले येऊन बघून गेले. मावशीही कामावरून आली ती तशीच पिशवी खांद्याला घेऊन तिथे उभी राहिली. मामा खाली बसला आणि त्या दोरावरचं शेवाळ अंगठ्याने पुसून त्याने टोक उजेडाकडे धरलं. तुटलेल्या दोराचं टोक झुबकेदार असतं, पेड लांबआखूड सुटलेले. हे टोक सरळ होतं.

"तुटला नाय," मामा म्हणाला. "कापलाय." आणि मावशीकडे बघून म्हणाला, "म्हणजे वाचला असेल."